निर्मनुष्य टेकडी

फिदेला शेवटच्या रांगेत येऊन बसली आणि वाल्देमारच्या हातातली काठी नकाशावरच थबकली.

शाळेच्या अंगणात सभा भरली होती. पाणी मंडळाचा इंजिनिअर वाल्देमार ओस्को नवी योजना समजावून सांगत होता. लिमाबाहेरच्या वाळवंटात शहर झपाट्याने पसरत चाललं होतं. नव्या इमारती, नवे कारखाने, सगळ्यांना नळ मिळणार होते. फक्त पाइपाची निळी रेघ टेकडीच्या पायथ्याशी थांबत होती. पाणी वर चढवायचं तर खर्च वाढला असता आणि वरिष्ठांनी योजना परत पाठवली असती. म्हणून नकाशात टेकडीवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : निर्मनुष्य.

फिदेला त्याच टेकडीवर राहायची. ती त्याची आई होती. ऑफिसात मात्र आपण दूरच्या अरेकिपा शहरातले, बड्या घरातले, असं त्याने सांगून ठेवलं होतं. शेजारच्या खुर्चीत मंडळाचे प्रमुख बसले होते. आईने आज तोंड उघडू नये, एवढंच तो मनोमन मागत होता.

ती उभी राहिली. टँकरचं पाणी बादल्यांनी वर नेऊन नेऊन तिचा एक खांदा कायमचा कलला होता.

"इंजिनिअर साहेब, आमच्या टेकडीला नळ कधी?"

त्याने नजर वर केली नाही. "बाई, तिथे वस्ती असल्याची आमच्याकडे नोंद नाही."

"मग आम्ही काय सरडे आहोत?" मागून कुणीतरी विचारलं. लोक हसले. प्रमुखही हसले.

फिदेला हसली नाही. "बरं साहेब," म्हणून ती खाली बसली. वाल्देमारला हायसं वाटलं. लगेच त्याचे कान तापले.

तेवढ्यात तिची शेजारीण नोर्का मोठ्याने म्हणाली, "अगं, साहेब काय म्हणतेस त्याला? तुझा वाल्देमारच ना हा? चांगला कान धर त्याचा."

प्रमुख वळून वाल्देमारकडे बघू लागले.

फिदेलाने शाल सावरली. एकवार त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नाही गं नोर्का, चुकतेयस तू," ती शांतपणे म्हणाली. "माझा वाल्देमार त्या टेकडीवरच जन्मला. तिथे माणसं राहतात, हे त्याला ठाऊक आहे."