नाव घ्या, बाई

"नवऱ्याचं नाव?" कारकुनानं तिसऱ्यांदा विचारलं.

आक्काबाई सत्तरीला टेकलेली बाई, पण धन्याचं नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. रिवाजाप्रमाणं मागून सुभद्राबाईनं तिच्या वतीनं नाव सांगितलं. कारकुनानं टाक खाली ठेवला.

"शेजारणीनं सांगितलेलं चालणार नाही. बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. पुढची!"

आक्काबाईची हरकत अशी वाऱ्यावर गेली. तिच्याआधी नऊ जणींची तशीच गेली होती. चिंचवडच्या नदीकाठच्या जुन्या आळीतल्या बायका भर उन्हात चावडीपुढे रांगेनं उभ्या होत्या आणि कारकून एकेकीला नवऱ्याच्या नावावर अडवून माघारी धाडत होता. ही अक्कल त्याची नव्हती. ती शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या मारुतरावांची होती. मारुतराव आळीचे पुढारी. अंगात कोट, तोंडात पान, डावा हात कोटाच्या खिशात. आळीतल्या बायका जीव गेला तरी नवऱ्याचं नाव घेणार नाहीत, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

पवनेवरचा बायकांचा घाट नव्या कंपनीला हवा होता. तिथं पाणी उपसायचा पंप बसणार, भोवती कुंपण पडणार. म्हणजे धुणं बंद, पाणी बंद, सासू-सुनांची उणीदुणी काढायची जागाही बंद. आळीतल्या बेचाळीस बायकांनी अंगठे उठवून याला संमती दिली आहे, असा कागद पुण्याहून आलेल्या साहेबांपुढे पडला होता.

तो कागद आळीला कळला सुभद्राबाईमुळं. ती चार इयत्ता शिकलेली. घाटावरच्या फळ्यावर खडूनं गावाची बातमी लिहायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची. बायका धुणं आपटता आपटता ऐकायच्या. कागदावरची सगळी नावं तिनं चावडीतून उतरून आणली, फळ्यावर लिहिली आणि वाचली. स्वतःचं नाव ऐकून एकेकीच्या हातातलं धुणं गळून पडलं. अंगठा कोणीच दिला नव्हता! पण यादीत पहिलं नाव होतं दुर्गाबाईचं, आणि दुर्गाबाई म्हणजे मारुतरावांची बायको.

झालं. त्या दिवसापासून आळीनं तिच्याशी बोलणं टाकलं. तिचा धुण्याचा दगड कोणीतरी खोल पाण्यात लोटून दिला. ती घाटावर आली की बायका तिच्या अंगावर पाणी उडेल असं धुणं आपटायच्या.

"घाट इकून खाल्ला, आता कंपनीच्या नळावर धू म्हणावं!"

दुर्गाबाई रडली नाही. तिला संताप आला. बायकांचा आला, आणि घरातल्या माणसाचा त्याहून जास्त आला. कारण आळीनं पाहिलं नव्हतं ते तिनं पाहिलं होतं. गेल्या आठवड्यात जेवताना मारुतरावांनी डाव्या हातानं तांब्या उचलला आणि तिला त्यांचा अंगठा दिसला. काळाकुट्ट. वळणदार सही करून खाली ऐटीत दोन रेघा ओढणारा हा माणूस. त्याचा अंगठा शाईत कशाला बुडाला? तिनं विचारलं, तर ताट भिंतीवर आदळलं. तेव्हापासून ते रोज राखेनं अंगठा घासत होते. कातडी सोलली, तरी नखाच्या कडेची शाई हटत नव्हती.

"अंगठे खोटे असतील तर तेच हरकतीत लिहून द्या," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "पण नाव पुरं पाहिजे. एक जरी हरकत नोंदली गेली, तर मी कागद तपासायला घेईन. एकही नसेल, तर आजच सही करून जाईन."

"उखाण्यात घ्या म्हणावं की!" मारुतराव मोठ्यानं म्हणाले. "हळदीकुंकवाला तर लई सुचतं!"

पुरुष खदाखदा हसले. बायकांच्या माना खाली गेल्या. परक्या साहेबापुढं, असल्या हसण्यात उखाणा कोण घेणार?

लिंबाखाली एकटी उभी असलेली दुर्गाबाई तेव्हा पुढं निघाली. रांगेनं तिला वाट दिली नाही. ती कोपरानं ढकलत गेली.

"आली बघा, दादल्याची री वढायला," कोणीतरी म्हणालं आणि थुंकलं.

मारुतरावांचा चेहरा फुलला. "साहेब, ही आमची मंडळी. सगळ्यांत आधी संमती हिनंच दिली."

दुर्गाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. "साहेब, उखान्यात नाव घेतलं तर चालंल न्हवं?"

"चालेल. कसंही घ्या, पण घ्या."

आता जे तोंडून निघेल त्यानंतर घराचं दार आपल्याला बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला भीती वाटत होती. तरी तिनं डोक्यावरचा पदर लग्नातल्यासारखा नीट पुढं ओढला आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"पवनामाईच्या पायरीवर बायकांच्या पावलांचे ठसे,
बेचाळीस जणींचे अंगठे मारुतरावांनी एकट्यानं उठवले कसे?"

कोणी हसलं नाही. साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. एकाखाली एक असलेले अंगठे ते बराच वेळ न्याहाळत राहिले. मग मान वर करून म्हणाले, "मारुतराव, खिशातला हात जरा बाहेर काढा."

हात बाहेर येईना.

दुर्गाबाई कारकुनाकडं वळली. "धन्याचं नाव घेतलं. आता माजी हरकत लिवा."

तिच्या मागं रांगेत आक्काबाई पुन्हा येऊन उभी राहिली होती.