निळ्या जिभेचा उखाणा

पुतणीच्या साखरपुड्यात खडीसाखरेचं ताट फिरलं. थोड्या वेळानं हात धुताना जयवंतरावांनी आरशात जीभ पाहिली, तर ती निळीशार झाली होती. हल्ली ठरलेलं जोडपंच नव्हे, अख्खा मांडव ही तपासणीची साखर खातो. अंगात एचआयव्ही असला की जीभ तासभर निळी राहते. तीस वर्षं ट्रक चालवलेला हा गप्पिष्ट माणूस ओठ घट्ट मिटून खुर्चीत येऊन बसला.

तेवढ्यात पोरींनी सुलोचनाबाईंना घेरलं. "काकू, उखाणा घ्या ना!"

त्या नुसती मान हलवत राहिल्या. उखाण्याला कधी मागे न सरणारी बायको आज तोंडावर पदर धरून उभी होती. जयवंतराव काय ते समजले. हे दुखणं आपणच घरी आणलं.

ते उठले. "तिला सोडा. आज मी घेतो."

"साखरपुड्याची साखर खाल्ली, जीभ झाली निळी,
सुलोचनाचं नाव घेतो, उद्यापासून गोळी!"

सुलोचनाबाईंनी पदर खाली सोडला.

"तीस वर्षं एकटेच फिरलात. दवाखान्यातही एकटेच निघालात होय? मी येणार बरोबर!" त्या कडाडल्या, आणि त्यांचीही निळी जीभ सगळ्यांना दिसली.

जयवंतरावांनी सर्वांदेखत त्यांचा हात धरला.

नवरदेवाचे मामा मघापासून तोंडाला रुमाल लावून बसले होते. त्यांनी तो हळूच काढला.

"जयवंतराव, उद्या गाडीत आणखी एक जागा आहे का हो?"