रुग्णाला सांगू नये

सगळं नीट चालतंय का हे बघायला त्याने सहज स्वतःच्या बायकोचं नाव टाइप केलं.

त्यांच्या फॅमिली डॉक्टरांचे जुने केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायचं काम त्याने नुकतंच संपवलं होतं. फोन नंबर जुळला की त्या माणसाची सगळी पानं आपोआप एकत्र यायची. डॉक्टर खूश होते. "तुमचं यंत्र माझ्यापेक्षा हुशार," ते म्हणायचे, "फक्त त्याला माझं अक्षर लागत नाही."

स्क्रीनवर बायकोची सर्दीपडशी आली. त्याखाली गेल्याच महिन्यातली एक नोंद होती.

स्वादुपिंडाचा कर्करोग. शेवटचा टप्पा. रुग्णाला सांगू नये.

त्याने वरचं नाव पुन्हा वाचलं. तिचंच होतं. आत डॉक्टर पेशंट तपासत होते. दार ढकलायचा धीर त्याला झाला नाही. त्याने स्क्रीन बंद केली आणि घर गाठलं.

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. हल्ली तिने तिखट बंदच केलं होतं, सगळं मऊ मऊ शिजवायची. तिला सोसत नसणार, आणि आपण मात्र चवीवरून कुरकुरत होतो!

"पोट बरं आहे ना तुझं?"

"मला काय धाड भरलीय! तुमचं सांगा."

"मी ठणठणीत. पित्तच निघालं ना, गोळ्या चालू आहेत."

तिने नळ सोडला आणि घासलेलंच भांडं पुन्हा घासायला घेतलं. त्याने ते हळूच तिच्या हातातून काढून घेतलं.

त्या दिवसापासून त्याने तिच्यासमोर चेहरा पडू दिला नाही. मोरीत तोंडावर पाणी मारून यायचा आणि नकला करून तिला हसवायचा. तीही पोट धरून हसायची. लग्नापासून तिला समुद्र बघायचा होता. त्याने सुट्टी टाकली. एरवी शंभर अडचणी काढणारी ती, लगेच बॅग भरायला बसली.

वाळूवर तिला दम लागू नये म्हणून तो हळू चालला. तीही त्याचा दंड धरून हळूच चालत होती.

"अहो, तुमचं काही राहून गेलंय का? करायचं, बघायचं?"

"माझं कसलं राहतंय? तुझं सांग."

"माझं झालं सगळं," ती म्हणाली.

तो समुद्राकडे बघत राहिला. तिच्याकडे बघितलं असतं तर बांध फुटला असता.

परत आल्यावर तो थेट दवाखान्यात गेला.

"तिला नाही सांगितलंत, ठीक आहे. पण मला? नवरा आहे मी तिचा! हे एकट्याने कुठवर झेलू?"

"कुठे वाचलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिच्याच रेकॉर्डमध्ये."

डॉक्टरांनी ती नोंद उघडली. मग वरचा फोन नंबर बघितला.

"तुम्ही दोघांनी इथे एकच नंबर दिलाय?"

"हो, तिचा. मी फोन उचलत नाही म्हणून."

डॉक्टर उठले, दार लावलं आणि आपली खुर्ची सोडून त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसले.

"ते पान तिचं नाही," ते म्हणाले. "रिपोर्ट आला तेव्हा ती इथेच बसली होती. तुम्हाला कळू देऊ नका म्हणून तिने माझे पाय धरले."