लांब दांडी

बालमित्र रावसाहेबची नवी रेसर सायकल जोडताना शिदू मेस्त्रीच्या पोटात दुखत होतं. तरुणपणी शर्यती जिंकल्या त्यानं, रावसाहेब कायम मागे. आणि साठीनंतर अशी सायकल आली ती रावसाहेबला, त्याच्या लेकीनं पाठवलेली! तरी मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं ते हँडल त्यानं जीव ओतून बसवलं.

आठवड्यानं रावसाहेब मान चोळत दुकानात आला. "शिदबा, हात ताणून ताणून खांदे गेले माझे. विकून टाकतो ही."

"म्हातारा झालास, सायकल काय करील?" शिदू म्हणाला. मनातून त्याला बरंच वाटलं.

तपासायचं म्हणून तो स्वतः चढून बसला. हात अलगद ब्रेकवर पडले. कोपर सैल, मान मोकळी. जणू त्याच्यासाठीच बेतलेली. गिऱ्हाइकाला आधी वर बसवायचं आणि मगच बोल्ट आवळायचे, हा नियम त्याचाच. या खेपेला मात्र रावसाहेबला त्यानं बोलावलंच नव्हतं. रावसाहेब त्याच्याहून वीतभर बुटका, आणि हँडल बसलं होतं शिदूच्या हातांच्या मापानं.

"उतरतोस का आता?" रावसाहेब हसला.

शिदू खाली उतरला. "बस वर. तुझं माप घ्यायचं राहिलंय."

हँडल पुढं धरणारी, जेमतेम वीतभर पण रावसाहेबला लांब पडणारी दांडी काढून त्यानं आखूड घातली, हँडल दोन बोटं वर घेतलं. रावसाहेबचे खांदे सैल पडले. "आता कसं! आणि ही काढलेली दांडी?"

"राहू दे माझ्याकडं, माझ्या मापाची आहे ती," शिदू म्हणाला आणि ती त्यानं खिशात टाकली.