रविवारचं रेकॉर्डिंग

दर रविवारी दुपारी केतकी आणि विश्राम केतकीच्या घरी पॉडकास्ट रेकॉर्ड करत. आज विषय होता एका बेपत्ता शिक्षिकेवरची डॉक्युमेंटरी.

“तिनं किती हाका मारल्या असतील!” केतकी म्हणाली.

“छे गं, ती हसत होती. तिला शेवटपर्यंत गंमतच वाटली,” विश्राम बोलून गेला.

डॉक्युमेंटरीत हे कुठंच नव्हतं. तिचं काय झालं, हे आजवर कुणालाच कळलं नव्हतं. केतकीनं चमकून वर पाहिलं, तसा विश्राम चपापला. त्यानं उठून दाराला कडी घातली.

“रेकॉर्डिंग पुसून टाक.”

लॅपटॉप केतकीच्या पुढ्यात होता.

“आज आपण लाइव्ह आहोत,” ती खोटं बोलली. “सगळे ऐकतायत, विश्राम. सांग, पुढे काय झालं?”

विश्राम मटकन खुर्चीत बसला आणि बोलू लागला.