कोंबडा काय म्हणतो

ऐक ना, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. भर दुपारी टॅक्सी थांब्याच्या कोपऱ्यावर नेत्साई उभी आहे. डोक्यावर तळलेल्या मग्विन्यांचं, म्हणजे पिठाच्या गोळ्यांचं टोपलं आणि समोर काठ्या घेतलेले सातआठ जण. त्यांचा म्होरक्या, तो लांबडा म्फानाफुथी, त्यानं स्वतःचं कोपर तिच्या नाकासमोर धरलंय.

"बोल सिसी, याला काय म्हणतात?" सिसी म्हणजे तिकडे ताई.

दक्षिण आफ्रिकेत परक्या देशातल्यांना हुडकून हुडकून हाकलायचं चाललं होतं, त्या मे महिन्यातली गोष्ट. कागद कोण बघतंय! कोपराचा झुलू शब्द जिभेवर नीट वळला तर माणूस इथला. अडखळला तर गेला. आणि नेत्साई मूळची झिंबाब्वेची, पार तिकडची मुटोकोची. पण नेत्साई हे नाव वस्तीत ठाऊक कुणाला? अठरा वर्षं ती थोको म्हणूनच कढईपुढे बसतेय. शब्द तर तिनं घोटून घोटून ठेवले होते. कोपर, घोटा, पापणी, खांद्याचं हाड, सगळे. दोन गल्ल्या पलीकडे पत्र्याच्या खोलीत तिची सहा वर्षांची लेक एकटी बसली होती. काहीही करून तिच्यापर्यंत पोचायचं, एवढंच डोक्यात.

"इंडोलोलवाने," ती म्हणाली. एकदम सफाईनं. वर टोमणा पण मारला, "आणि ते धू जरा, काळं पडलंय."

सगळे खो खो हसले. म्फानाफुथीनं हसत हसत वाट दिली. "जा सिसी, जा."

"थांबा!"

हा भेकानी. त्या टोळक्यात सगळ्यात मोठा आवाज याचा. रोज सकाळी नेत्साईकडून चार मग्विन्या घेणार आणि रोज म्हणणार, तेल किती गं पितात तुझ्या. त्या दिवशी सकाळपासून दोघांना त्यानंच पकडून दिलं होतं.

"कोपर काय विचारता? पाठ करून येतात हे लोक. तिला विचारा, कोंबडा काय म्हणतो?"

"काय रे, शाळा काढलीस का?" कुणीतरी म्हणालं.

"अरे, ते आईच्या मांडीवर शिकतो माणूस. पाठ होत नाही ते."

म्फानाफुथीला हे फार आवडलं. तो वळला. "हं, सांग सिसी. कोंबडा काय म्हणतो?"

आता झुलूतलं 'कुकुलुकू' तिनं काय ऐकलं नव्हतं? गल्लीतली पोरं दिवसभर तेच बोंबलतात. पण डोळ्यांपुढे लेक होती. आणि लेकीला रोज सकाळी ती कशी उठवायची माहितीये? कानाशी तोंड नेऊन, हळूच, शेजारी ऐकू जाणार नाही असं, माहेरच्या कोंबड्यासारखं आरवून. तोंड आपोआप तिकडेच वळलं.

"कोकोरिगो."

एक जण फिस्सकन हसला. "हा कसला कोंबडा? सर्दी झालेला?"

म्फानाफुथी मात्र हसला नाही. "कुठला गं कोंबडा असा आरवतो?"

ती काही बोलायच्या आत भेकानीनं उडीच मारली. "मी सांगतो ना! मुटोकोकडचा! आणि धड जमलं पण नाही तिला. तो शेवटचा 'गो' असा खाली सोडायचा, लांब..." मान वर केली, डोळे मिटले आणि आरवला, "कोकोरिगोऽऽऽ!"

अगं, असा आरवला! नेत्साईला बापाच्या अंगणात उभं राहिल्यासारखं झालं. तो 'गो' नुसता ऐकून कुणाच्या गळ्यात येणं शक्यच नव्हतं.

भेकानीनं डोळे उघडले. कुणीही हसत नव्हतं.

"भेकानी," म्फानाफुथी अगदी हळू म्हणाला, "तुला रे कसं माहीत?"

"मला? ते... कामावर एक जण होता ना तिकडचा... तो करायचा..."

"आणि तू?" म्फानाफुथी नेत्साईकडे वळला. "तू कुणाकडून शिकलीस?"

भेकानी तिच्याकडे बघत होता. त्याचा सगळा रुबाब उतरला होता. इतकी वर्षं रोज समोर यायचा, आणि तो आपल्याच मुलखातला असेल असा तिला एकदाही संशय आला नव्हता. त्याला पण नाही.

"याच्याकडूनच," ती म्हणाली. "रोज सकाळी येतो माझ्याकडे. असाच आरवतो."

झालं. सगळ्या काठ्या तिकडे वळल्या. तिच्यासमोर रस्ता मोकळा झाला. ती चालायला लागली, पळायचं नाही, पळायचं नाही, असं स्वतःला बजावत. आणि मागून भेकानी ओरडला. झुलूत नाही. तिच्या माहेरच्या भाषेत.

"ताई, अगं मला पण लेकरं आहेत!"

म्फानाफुथीनं काठी आडवी घालून तिला अडवलं. "काय म्हणतोय तो?"

"कोण जाणे," नेत्साई म्हणाली. "मला नाही येत ती भाषा."

काठी बाजूला झाली. ती गेली.

थांब, लगेच तोंड वाकडं करू नकोस. आधी मला सांग, त्या काठीपुढे तू उभी असतीस, तर तू काय केलं असतंस?