अठ्ठ्याहत्तर सेकंद

धाकटीची तेरावी फेरी बरोब्बर अठ्ठ्याहत्तर सेकंदांत झाली आणि कडेला स्टॉपवॉच घेऊन उभी असलेली ताई ओरडली, “पंचाहत्तर! जरा सावकाश!”

खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याचं ताईला स्वतःलाच नवल वाटलं.

दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे पंचवीस फेऱ्या. देशाचा विक्रम बत्तीस मिनिटं एकतीस सेकंदांचा, आणि तो अकरा वर्षं ताईच्या नावावर होता. प्रत्येक फेरी अठ्ठ्याहत्तर सेकंदांत काढली, तर तो एका सेकंदाने मोडणार. हे गणित धाकट्या बहिणीला ताईनेच शिकवलं होतं. सुरुवातीलाच उधळलीस तर शेवटी पाय उचलायचे नाहीत, हेही तिनेच बजावलं होतं. गुडघ्याने दगा दिल्यावर ताई बहिणीची प्रशिक्षक झाली, तेव्हा लोक म्हणाले, काय मोठं मन आहे. मन कसलं मोठं! आतून तिचा नुसता जळफळाट चालला होता.

ही पोर सकाळी तीनदा हाका मारल्याशिवाय उठायची नाही. सराव बुडवायला रोज नवं कारण काढायची. आणि एकदा का धावायला लागली, की तिला पाहायला मैदानावरचा माळीसुद्धा पाण्याची नळी हातात धरून उभा राहायचा. ताईने रक्ताचं पाणी करून जे मिळवलं, ते हिला आयतं मिळालं होतं. त्यात कालची गोष्ट. बाहेरच्या खोलीत ताईच्या विक्रमाच्या फोटोशेजारी आईने एक नवा खिळा ठोकून ठेवला. ताईला विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून तो खिळा ताईलाच टोचत होता.

मैदानावरच्या फलकावर एकूण वेळ दिसत होती. पण धावताना भागाकार कोण करत बसणार? फेरीची वेळ सांगायला ताई होतीच, नेहमीच्या जागी, घोषणांच्या भोंग्याच्या खांबापाशी. आपला वेग फार वाढलाय असं वाटलं की पोर आपणहून ढिली पडेल. फेरीमागे अर्धा सेकंद गेला तरी पुरे. विक्रम वाचेल आणि कुणाला संशयही यायचा नाही.

पण धाकटी ढिली पडेना. चौदावी फेरी अठ्ठ्याहत्तर. “चौऱ्याहत्तर!” ताई ओरडली. पंधरावीही अठ्ठ्याहत्तरच. ताईचा घसा बसला, स्टॉपवॉच घामाने निसटायला लागलं. विसाव्या फेरीला धाकटीने जाताजाता मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं आणि पुढची फेरी सत्त्याहत्तरमध्ये काढली. त्यानंतरच्याही तशाच.

बत्तीस मिनिटं पंचवीस सेकंद. अकरा वर्षांचा विक्रम सहा सेकंदांनी गेला. ताईने टाळ्या वाजवल्या, धाकटीच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतले, पत्रकारांना म्हणाली, आज माझ्या कष्टांचं चीज झालं.

कपडे बदलायच्या खोलीत दोघीच उरल्या, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. चोरी पकडली गेली असेल या भीतीने तिचा आवाज उलट चढाच लागला.

“सावकाश म्हणून मी घसा फोडत होते. तू एकदाही माझं ऐकलं नाहीस.”

धाकटी बाकावर बसून बूट काढत होती. तिने वरसुद्धा बघितलं नाही.

“त्या भोंग्याखाली तुझं मला काही ऐकू येत नाही, ताई. कधीच आलं नाही,” ती म्हणाली. “चार वर्षं मी तुझं तोंड बघून धावतेय. ते पडलं की समजतं, वेग बरोबर आहे. आज शेवटच्या फेरीला तू रडायला लागलीस, तेव्हाच कळलं, विक्रम मोडला.”